नवा कॅमेरा घेऊन पहिल्या सफारीला: पक्ष्यांचे फोटो कसे काढायचे

वाघ-सिंह एका परीनं सोपे. आकारानं मोठे, दिवसाचा बराच वेळ लोळत पडलेले, आणि ते दिसले की गाड्या आपोआप थांबतात. पक्षी मुठीएवढा असतो, फांदीआड बसलेला असतो आणि तुम्ही मेन्यूत फोकसचा पर्याय शोधेपर्यंत उडून गेलेला असतो. नव्या कॅमेऱ्यानिशी निघालेल्या माणसाला वाटतं, आपली लेन्स लहान पडणार. बहुतेक वेळा आड येते ती बोटांची अनोळख. म्हणून या लेखाचा मोठा भाग सफारीच्या आधी करायच्या कामांवर आहे. ती झाली असतील तर जंगलात लक्ष पक्ष्याकडे देता येतं.

१. आधी घराजवळचे पक्षी टिपा

कॅमेरा आणि सफारी यांच्यात किमान दोन-तीन आठवडे ठेवा. निघण्याच्या आदल्या दिवशी खोकं उघडणार असाल तर त्यापेक्षा जुना, सवयीचा कॅमेरा न्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

सरावाला कावळे, कबुतरं आणि घारी उत्तम. पहिला सराव फोटो काढण्याचा नाही, पक्षी व्ह्यूफाइंडरमध्ये सापडवण्याचा. फुलफ्रेम (३६×२४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ६०० मिमी लेन्समधून आडवं साडेतीन अंशांपेक्षा कमी दृश्य दिसतं. हात लांब करून अंगठा डोळ्यासमोर धरा; तो साधारण दोन अंश झाकतो. म्हणजे तुमची अख्खी चौकट दोन अंगठ्यांएवढीही नाही. एवढ्याशा खिडकीत उडती घार पकडायची तर युक्ती हवी:

- नजर पक्ष्यावर खिळवून ठेवा आणि नजर न हलवता कॅमेरा डोळ्याला लावा. कॅमेऱ्याकडे बघून मग पक्षी शोधायला गेलात की तो हरवलाच.
- झूम लेन्स असेल तर आधी २०० मिमीच्या आसपास ठेवा, पक्षी चौकटीत घ्या, मग झूम वाढवा.
- गाडी पुढे जात असताना अधूनमधून ज्या अंतरावर पक्षी दिसण्याची शक्यता आहे तिथल्या झुडपावर फोकस करून ठेवा. लांब लेन्स जवळच्या अंतरावर फोकस होऊन राहिली असेल तर दूरचा पक्षी इतका धूसर होतो की चौकटीत असूनही दिसत नाही.

डोळे मिटून शटर, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) आणि फोकस-पॉइंटची बटणं बोटांना सापडेपर्यंत हा सराव करा. कंटाळवाणा आहे, पण सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो.

२. सेटिंग एकदाच ठरवून साठवा

बहुतेक नव्या कॅमेऱ्यांत स्वतःची सेटिंग साठवायची सोय असते; डायलवर सी१, सी२ किंवा यू१, यू२ असं लिहिलेलं असतं. नवखे लोक ती वापरत नाहीत, आणि पक्ष्यांसाठी तर हीच सोय सगळ्यात मोलाची. दोन कप्पे भरा.

पहिला कप्पा बसलेल्या पक्ष्याचा: मॅन्युअल मोड, शटर १/५०० ते १/८०० सेकंद, छिद्र (अपर्चर) लेन्सचं सर्वांत मोठं, म्हणजे एफचा आकडा सर्वांत लहान, आयएसओ ऑटोवर. चिमणीएवढे पक्षी बसलेले असतानाही मान सतत झटकतात, म्हणून १/५०० च्या खाली जायचं ते अगदी अंधार पडल्यावरच.

दुसरा कप्पा उडत्या पक्ष्याचा: बाकी सगळं तेच, शटर १/२०००. बगळा, करकोचा, गिधाड यांच्या सावकाश पंखांना १/१६०० सुद्धा पुरतं. वेडा राघू, खंड्या, शिंजीर असल्यांना १/२५०० किंवा १/३२०० द्या.

आयएसओ वाढला की नवे लोक घाबरतात. ६४०० पर्यंत बिनधास्त जाऊ द्या. फोटोतला रवाळपणा आजच्या सॉफ्टवेअरनं बऱ्यापैकी निघतो. हललेला पक्षी कशानंही स्थिर होत नाही.

छिद्राबद्दल एक हिशोब ध्यानात ठेवा. ६०० मिमी, एफ/६.३, पक्षी १० मीटरवर असेल तर फुलफ्रेमवर स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम १० सेंटिमीटर मिळते. पक्षी ५ मीटरवर आला तर ती अडीच सेंटिमीटरवर येते. फोकस छातीवर बसला तर डोळा निसटतो तो यामुळे. डोळा धारदार असेल तर शेपूट धूसर असली तरी फोटो चालतो. उलटं झालं तर तो टाकूनच द्यावा लागतो.

फोकससाठी सतत मागोवा घेणारा मोड लावा. निकॉन आणि सोनीमध्ये त्याला एएफ-सी म्हणतात, कॅननमध्ये सर्वो. कॅमेऱ्यात पक्षी ओळखण्याची सोय असेल तर ती चालू करा, आणि मेन्यूत माणूस, प्राणी, वाहन यांतलं काय निवडलेलं आहे हे एकदा तपासा. नवा कॅमेरा अनेकदा माणसाचा चेहरा शोधत बसलेला असतो. मोकळ्या आकाशात ही सोय जादूसारखी चालते. दाट फांद्यांत मात्र ती समोरच्या काटकीवर जाऊन अडकते. त्यासाठी एका बटणावर छोटा एकच फोकस-पॉइंट बसवून ठेवा आणि फांद्यांच्या फटीतून तो थेट पक्ष्यावर टाका.

बॅक बटन फोकस (शटरऐवजी मागच्या बटणानं फोकस करणं) शिका असं प्रत्येक जाणकार सांगेल. सांगतात ते बरोबर आहे, पण सफारी चार दिवसांवर आली असेल तर तो नाद सोडा. अर्धवट सवय ही सवय नसण्यापेक्षा वाईट.

इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये आवाज होत नाही आणि वेगही जास्त मिळतो, पण अनेक कॅमेऱ्यांचा सेन्सर ओळीओळीनं वाचला जातो. त्यामुळे जोरात हलणारे पंख वाकडे, रबरासारखे येतात. घरी उडत्या कबुतरावर तपासून बघा. पंख वाकत असतील तर उडणाऱ्या पक्ष्याला मेकॅनिकल शटरच ठेवा.

फोटो रॉ मध्ये (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा. नंतर संगणकावर बसायची तुमची अजिबात तयारी नसेल तर जेपेग चालेल, पण दोन्ही एकदम नको. कार्ड आणि बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) दोन्ही लवकर भरतात.

३. एक्स्पोजर: पांढरे आणि काळे पक्षी

कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं सरासरी राखाडी समजून प्रकाश मोजतो. काळ्या पाण्यावर पांढरा बगळा उभा असेल तर मीटर काळं पाणी बघून प्रकाश वाढवतो आणि बगळ्याची पिसं जळून नुसता पांढरा डाग उरतो. अशा वेळी कॉम्पेन्सेशन (मीटरच्या मोजमापात आपण केलेली दुरुस्ती) उणे ०.७ ते उणे १ करा. उलट, उजळ आकाशाखालून घार जात असेल तर ती काळी आकृती होते. तिथं अधिक १ ते अधिक २ पर्यंत जा. मॅन्युअलमध्ये ऑटो आयएसओ लावल्यावर कॉम्पेन्सेशन कोणत्या चाकावर आहे, हे घरीच शोधून ठेवा. काही कॅमेऱ्यांत ते आधी एखाद्या चाकावर नेमून द्यावं लागतं.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे ते चाक शून्यावर आणायचं राहून जाणं. बगळ्याचं उणे १ तसंच राहिलं की पुढचा काळा कोतवाल नुसता ठिपका. प्रत्येक पक्ष्यानंतर चाक शून्यावर आणण्याची सवय बोटालाच लावा.

४. काय न्यायचं

- लेन्स: ४०० ते ६०० मिमीपर्यंत जाणारी एक झूम. १००-४०० किंवा १५०-६०० यांतली कुठलीही पुरते. क्रॉप, म्हणजे फुलफ्रेमपेक्षा लहान, सेन्सर असेल तर ४०० मिमी लेन्समधून ६०० मिमीएवढं दृश्य मिळतं. विकत घेण्यापेक्षा भाड्यानं मिळत असेल तर पहिल्या खेपेला तेच करा.
- दुसरी लहान लेन्स, शक्य असेल तर दुसऱ्या कॅमेऱ्यावर लावून; नाही तर सरळ फोनवर भागवा. धुळीत लेन्स बदलायची नाही.
- बीनबॅग, म्हणजे लेन्सखाली ठेवायची छोटी उशी. रिकामी न्या, तिथं पोचल्यावर धान्यानं भरा. गाडीच्या कडेवर लेन्स टेकवायला यासारखं काही नाही. ट्रायपॉडचे पाय पसरायला गाडीत जागा नसते, तो राहू द्या.
- तीन बॅटऱ्या. मिररलेस (आत आरसा नसलेले) कॅमेरे स्क्रीन किंवा व्ह्यूफाइंडर सतत चालू ठेवतात.
- कार्डं: एका मोठ्यापेक्षा दोन-तीन मध्यम. कार्डावर व्ही६० असं लिहिलेलं असेल तर ते सेकंदाला किमान ६० एमबी लिहितं; सलग फोटोंसाठी त्याखाली जाऊ नका.
- ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण. कॅमेऱ्यापेक्षा ती आधी डोळ्याला लागली पाहिजे.
- हवेचा फुगा (ब्लोअर), मायक्रोफायबर कापड, कॅमेरा झाकायला जुनी उशीची खोळ.
- मातकट रंगाचे कपडे. पांढरा शर्ट पक्ष्यांना लांबून दिसतो.

टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवून लेन्सची लांबी वाढवणारा जोड) पहिल्या सफारीला नको. १.४ पटीचा लावला की एफ/६.३ ची लेन्स एफ/९ होते, फोकस रेंगाळतो आणि पहाटेच्या प्रकाशात हाती फारसं लागत नाही.

५. कागदपत्रं

- प्रवेश परवाना आणि ज्या ओळखपत्रावर तो काढला तेच मूळ ओळखपत्र. परवान्यावरचं नाव आणि क्रमांक जुळला नाही तर फाटकावर अडवतात.
- कॅमेरा शुल्काची पावती. अनेक उद्यानांत हे शुल्क वेगळं असतं आणि काही ठिकाणी लेन्सच्या लांबीवर ठरतं. आरक्षण करतानाच विचारा.
- कॅमेरा आणि लेन्स यांची बिलं, सीरियल नंबरांची यादी. विम्याला, चोरीच्या तक्रारीला आणि परदेशातून परत येताना सीमाशुल्कासाठी यांचा उपयोग होतो. एक प्रत फोनमध्येही ठेवा.
- विमा असेल तर त्याची प्रत, अपघाती नुकसान त्यात धरलंय का हे वाचून.

विमानानं जाणार असाल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या पिशवीतच लागतात; चेक-इनच्या सामानात त्या चालत नाहीत. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्यांना सहसा वेगळी परवानगी लागत नाही. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या यापेक्षा खूपच लहान असतात आणि २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-तास भरते. ड्रोन घरी ठेवा. संरक्षित जंगलात तो उडवायला बहुतेक ठिकाणी बंदी आहे.

६. गाडीत बसल्यावर

निघण्याआधीच गाइड आणि ड्रायव्हरला सांगा की तुम्हाला पक्ष्यांसाठी थांबायचं आहे. हे न सांगता बसलात तर गाडी मोठ्या जनावरांच्या मागे धावत राहील, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. बहुतेक प्रवाशांना तेच हवं असतं. गाडीत दुसरी माणसं असतील तर त्यांच्याशीही बोलून घ्या. पाच जणांना वाघ हवा आणि एकाला नीलपंख, असं झालं की सकाळ कडू होते. जमलं तर पक्षी बघणाऱ्यांचीच गाडी करा.

पक्षी दिसला की तीन गोष्टी सांगायच्या: लांबूनच हळू करा, थोडं अलीकडे थांबा, इंजिन बंद करा. इंजिन चालू असताना अख्खी गाडी थरथरते आणि लेन्सही तिच्याबरोबर. शेजाऱ्याला हलू नका म्हणून विनंती करायला लाजू नका. गाडी थांबल्या थांबल्या, तिथूनच, लांबचे दोन-चार फोटो काढून घ्या. पक्षी राहिला तर मग जवळ सरका. गाडीला पक्षी बऱ्याचदा घाबरत नाहीत, पण तुम्ही उभं राहून हात बाहेर काढला की माणसाचा आकार दिसतो आणि खेळ संपतो.

जमेल तितकं खाली बसून फोटो काढा. छतातून डोकावून काढलेल्या फोटोत पक्ष्यामागे लगेच जमीन येते आणि पार्श्वभूमी गचाळ दिसते. खिडकीच्या उंचीवरून काढला तर मागचं झाड दूर जातं आणि रंग मऊ होतात.

७. प्रकाश, वारा आणि तापलेली हवा

सूर्य पाठीशी ठेवायचा हे सगळे सांगतात. वाऱ्याबद्दल कुणी सांगत नाही. पक्षी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं झेप घेतात आणि उतरतातही तसेच. म्हणजे वाराही तुमच्या पाठीकडून येत असेल तर पक्षी उडताना तुमच्या दिशेनं येतो, पंख उघडून, चेहरा समोर. वारा समोरून येत असेल तर तुम्हाला फक्त शेपट्या मिळतील. गाडी कुठल्या बाजूला उभी करायची हे ड्रायव्हरला सांगताना सूर्य आणि वारा दोन्ही बघा. दोन्ही जमत नसेल तर बसलेल्या पक्ष्यासाठी सूर्य पकडा, उडणाऱ्यासाठी वारा.

सूर्योदयानंतरचे दोन तास सर्वांत चांगले. पुढे जमीन तापते, हवा थरथरू लागते आणि लांबचा पक्षी पाण्याखाली असल्यासारखा दिसतो. नवी माणसं याचा दोष लेन्सला देतात, फोकस सारखा तपासतात. कितीही महागडी लेन्स लावा, हवेच्या थरथरीवर उपाय नाही. एक तर जवळच्या पक्ष्याकडे वळा, नाही तर कॅमेरा खाली ठेवा. गाडीच्या तापलेल्या बॉनेटवरून काढलेल्या फोटोंतही हाच दोष येतो.

दुपार फुकट जाते असं मात्र नाही. गिधाडं आणि गरुड उशिराच उठतात, कारण त्यांना वर चढायला गरम हवेचे झोत लागतात. सकाळी झाडावर पंख मिटून बसलेलं गिधाड दिसलं तर नंतर त्याच बाजूला परत या.

८. पक्षी पुढे काय करणार, हे ओळखा

इथं वेळ घालवा. सकाळभरात तीस जातींमागे पळण्यापेक्षा एका खंड्यापाशी अर्धा तास थांबलेल्या माणसाकडे चांगले फोटो असतात, हे मी पुन्हापुन्हा पाहिलं आहे.

वेडा राघू हवेत माशी पकडतो आणि बऱ्याचदा त्याच काटकीवर परत येतो. माशी नांगीवाली असेल तर ती फांदीवर आपटून-घासून मग गिळतो. तेव्हा तो उडाला म्हणून निराश होऊ नका. काटकीवर फोकस ठेवून थांबा, उतरताना पंख उघडलेला फोटो मिळेल. खंड्याही ठरावीक जागेवर परततो आणि मासा फांदीवर आपटतो. कवड्या धीवर पाण्यावर एकाच जागी फडफडत तरंगतो, मग सूर मारतो. तरंगताना तुम्हाला फोकसला भरपूर वेळ मिळतो, म्हणून उडत्या पक्ष्याच्या पहिल्या सरावाला हा पक्षी फार चांगला. नीलपंख उघड्या खुंटावर बसून जमिनीकडे बघत असतो; बसलेला असताना मळकट वाटतो, झेपावला की निळे पंख उघडतात. त्यामुळे तो दिसला की लगेच दुसऱ्या कप्प्यावर जा.

उडण्याआधीच्या खुणाही असतात. पक्षी पुढे झुकतो, पाय किंचित दुमडतो, मान वर-खाली करतो. शिकारी पक्षी बऱ्याचदा उडण्याआधी शीट टाकतात. शेपूट उचलली गेली की शटरवर बोट ठेवा. आंघोळ झालेला पक्षी पिसं झाडतोच. एका पायावर उभं राहून एक पंख आणि त्याच बाजूचा पाय ताणला, तर दुसरी बाजू लगेच ताणली जाण्याची शक्यता असते. बगळ्याची मान हळूहळू आखडू लागली की तो चोच मारणार.

शटर दाबून धरायचं ते अशा खुणेनंतर, दोन-तीन सेकंदच. ३० एमबीची फाइल आणि सेकंदाला २० फोटो असा वेग असेल तर १२८ जीबीचं कार्ड सलग साडेतीन मिनिटांत भरतं. कॅमेऱ्याचा बफर तर काही सेकंदांतच थकतो आणि नेमका झेपेच्या क्षणी कॅमेरा गप्प बसतो. बसलेल्या पक्ष्यालाही एकाऐवजी चार-पाच फोटोंची छोटी फैर द्या. पक्ष्यांना तिसरी, दुधट पापणी असते. ती मिटलेली असताना आलेला डोळा आंधळा दिसतो, आणि एकच फोटो काढला असेल तर नेमका तोच असतो.

पक्षी खायचं थांबवून मान ताठ करून तुमच्याकडे बघू लागला, किंवा इशाऱ्याचा आवाज काढू लागला, तर तुम्ही गरजेपेक्षा जवळ आला आहात. मागे सरका. घरट्यापाशी थांबू नका. पिल्लांचे आईबाप चोचीत किडा धरून तुमच्या जाण्याची वाट बघत असतात. फोनवरून आवाज वाजवून पक्षी बोलावणं, घुबडावर फ्लॅश मारणं, घरट्यासमोरच्या फांद्या वाकवणं, हे गाइडनं स्वतः सुचवलं तरी नको म्हणा.

९. रात्रीची कामं

एसीच्या खोलीतून कॅमेरा एकदम दमट हवेत नेला की काचेवर बाष्प धरतं. निघण्याआधी अर्धा तास तो बंद पिशवीतच बाहेर ठेवा. धूळ आधी फुग्यानं उडवा, मगच कापड लावा. थेट कापडानं पुसलं तर मातीचे कण काचेवर चरे पाडतात.

कार्डावरचे फोटो रोज दोन ठिकाणी उतरवा आणि ते नीट उघडतात हे बघूनच कार्ड फॉरमॅट करा, तेही कॅमेऱ्यातच. जंगलात असताना कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो पुसत बसू नका. छोट्या पडद्यावर धारदार आणि जरासा हललेला यांतला फरक कळत नाही, आणि तेवढ्यात समोरचं काहीतरी निसटतं. निवड मोठ्या पडद्यावर, डोळ्याचा भाग शंभर टक्के झूमवर बघून करा. आयएसओ आणि कॉम्पेन्सेशन मूळ जागेवर आणा, दोन्ही कप्पे तपासा, बॅटऱ्या चार्जिंगला लावा.

फोटो इतरांना दाखवायचे असतील तर घुबडं, गरुड आणि घरट्यांच्या फोटोंतून ठिकाणाची माहिती काढून टाका. कॅमेरा फोनला जोडलेला असेल तर ती फाइलमध्ये आपोआप लिहिली गेलेली असू शकते.